चालकाचं नाव

साहेबांकडे गाडी होती, लायसन्स होतं, आणि गाडी चालवायला ते कधीच बसत नसत.

लायसन्स मिळायला फार वर्षं गेली असं ते स्वतःच सांगायचे. नापास होत होत एकदाचे पास झाले. लगेच गाडी घेतली, इस्तिमारा, म्हणजे गाडीचं इथलं रजिस्ट्रेशन कार्ड, आपल्या नावाने करून घेतलं आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. मी एकदा विचारलं, "साहेब, मग येवढा आटापिटा कशापायी केला?"

"परीक्षा होती. पास झालो. आता काय जन्मभर पेपर लिहीत बसू?"

ते मूळचे नाशिकचे. दोहात बिन महमूद भागात एका जुन्या बिल्डिंगीत एकटेच राहायचे. बायको नाशिकला, सासूबाईंच्या उशाशी. नोकरी इंजिनिअरची, पण गॅस नाही, तेल नाही. रस्त्याखालून पाणी वाहून नेणारे पाइप हे त्यांचं काम. त्या वर्षांत वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. आज गेलो तो रस्ता उद्या बंद, परवा तिथे पूल. साहेब सगळ्या रस्त्यांकडे खालून बघायचे. गाडीत माझ्या शेजारी बसून एकदम म्हणायचे, "इथून नको. उजवीकडून घे."

"सरळ तर मोकळं हाय, साहेब."

"वरून मोकळं आहे. खालचा सांधा मला पसंत नाही."

मग आम्ही त्या सांध्याला वळसा घालून जायचो. गाडीच्या वजनाने पाइपाला काही होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ज्या कामाबद्दल आपलं मत वाईट आहे त्याच्या डोक्यावरून जाणं त्यांना बरं वाटत नसे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. इथल्या मराठी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याबद्दल त्यांचं मत खराब झालं, तेव्हापासून तो राहायचा त्या गल्लीतून आम्ही कधी गेलो नाही.

माझी त्यांची ओळख बसमुळे झाली. मी नववीत शाळा सोडली. गावाकडे, खटाव तालुक्यात, दुधाचा टेम्पो चालवायचो, तिथून एजंटाच्या हातून इथे आलो आणि एका कंपनीची लेबरची बस चालवायला लागलो. कॅम्पवरून माणसं उचलायची, स्टेडियमच्या साइटवर सोडायची, संध्याकाळी परत. एकदा साइटवर बसचा एसी बंद पडला. मी बॉनेट उघडून तिच्याशी बोलत होतो, "आता काय झालं गं तुला, सकाळी तर बरी होतीस," तेवढ्यात मागून कोणीतरी शुद्ध मराठीत विचारलं, "तिला मराठी कळतं का?"

मागे पांढरं हेल्मेट घातलेला एक बुटका माणूस उभा. इंजिनिअर लोक आमच्याशी बोलत नसत, त्यामुळे मी आधी हात पुसले. मी म्हटलं, "कळतं साहेब. पण ऐकत न्हाई."

"म्हणजे घरातलीच दिसते," ते म्हणाले आणि विचारलं, शुक्रवारी काय करतोस.

शुक्रवारी मी काहीच करत नसे. झोपायचो, कपडे धुवायचो, घरी फोन करायचो. त्या दिवसापासून शुक्रवारी साहेबांकडे जाऊ लागलो. गाडी चालवायची, भाजी आणायची, कधी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाऊन त्यांना हवी ती हळद शोधायची, आणि दुपारी त्यांच्या हातची मुगाची खिचडी खायची. पैसे त्यांनी कधी दिले नाहीत, आणि का देत नाहीत ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "पैसे दिले की ती नोकरी झाली. तुझा व्हिसा दुसऱ्या कंपनीचा, त्यावर इथे नोकरी चालायची नाही. तू माझ्याकडे जेवायला येतोस, आणि येतोस म्हणून गाडी काढतोस. कळलं?"

कळलं होतं. पण कॅम्प बॉसला हे कोण समजावणार? माझ्या खोलीतला एक ड्रायव्हर शुक्रवारी कोणाची तरी व्हॅन चालवताना सापडला होता. त्याने पैसे घेतले की नाही हे कोणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याची खाट रिकामी होती, आणि त्या खाटेवर आम्ही बरेच दिवस धुतलेले कपडे ठेवत होतो. घरी माझ्या पगारावर पाच माणसं होती. साहेबांची किल्ली हातात घेताना ती खाट मला दर वेळी दिसायची. तरी मी जायचो. कारण इथे मला माझ्या भाषेत 'जेवलास का' असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

साहेबांची आणखी एक सवय होती. ते सगळ्यांशी आधी मराठीत बोलायचे. समोर इजिप्तचा माणूस असो की फिलिपिनो बाई असो, आधी मराठीत सगळं सांगून मोकळे व्हायचे, समोरच्याचा चेहरा कोरा झाला की मग इंग्रजी. बँकेत मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायची. मला आधी वाटलं, हे त्यांचं मराठीचं प्रेम असेल. तर तसं काही नव्हतं. "आपल्याला काय म्हणायचंय ते आधी आपल्याला कळायला नको? इंग्रजीत मी काहीही बोलून जातो," असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि सही. सहीच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं चालत नसे. साइटवर एका ठिकाणी पाइप टाकून लोकांनी घाईघाईने माती लोटली, आणि 'तपासून पाहिलं' म्हणून साहेबांची सही मागितली. साहेब म्हणाले, मी मातीच पाहिली, मातीवर सही देतो. वरच्यांनी समजावलं, दटावलं. स्टेडियमची तारीख ठरलेली, पुढचं काम अडलेलं. साहेब ढिम्म. शेवटी माती उकरली. खाली पाइप एकदम ठीक निघाला. पाइप वाईट निघाला असता तर साहेबांचं नाव झालं असतं, तो चांगला निघाला म्हणून त्यांना साइटवरून उचलून ऑफिसात टेबलाला बसवलं. हे सांगताना ते हसायचे. "काम उत्तम होतं रे. मी नंतर सही केली ना, अगदी आनंदाने केली."

आता गाडीचं.

साहेबांच्या बिल्डिंगीमागे मातीचा एक मोकळा प्लॉट होता. बिन महमूदला पार्किंग म्हणजे असे प्लॉटच. जिथे जागा दिसेल तिथे गाडी घुसवायची आणि कोणाची अडली तर बोलवता यावं म्हणून काचेआड आपला फोन नंबर लिहून ठेवायचा. आमच्या गाडीत पुठ्ठ्यावर साहेबांचा नंबर होता. प्लॉटशेजारी एक नवा टॉवर उभा राहिला. टॉवरच्या मालकाने प्लॉट घेतला, एका खासगी पार्किंगवाल्याला चालवायला दिला, आणि कडेला एक पोर्टा केबिन आली. 'परवानगीशिवाय गाडी लावू नये' अशी पाटीही आली, पण तिच्यावरचं प्लास्टिक कोणी काढलेलं नव्हतं, आणि प्लास्टिकवर आठवड्याची धूळ. त्या शुक्रवारी मी नेहमीसारखी गाडी लावली आणि कांद्याची पिशवी घेऊन वर गेलो. खाली आलो तर काचेवर स्टिकर. 'गाडीच्या नोंदणीकृत मालकास' अशी वर ओळ, खाली दंड, आणि त्याखाली चालकाचं नाव, चालकाचा आयडी, चालकाची सही यासाठी रिकाम्या जागा.

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मालकास लिहिलंय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मला मालक म्हणून पहिल्यांदा कोणी काही लिहिलं."

मी म्हटलं, "साहेब, गप भरून टाका की."

"भरतो की. पैशाचं काय आहे? पण हे खालचं?"

खालचं म्हणजे नाव. नावाशिवाय पार्किंगवाले पैसे घेतच नव्हते. टॉवरच्या मालकाला कोण कोण घुसतं त्याची यादी हवी होती म्हणे. वर्ल्ड कपला पाहुणे येणार, तोवर प्लॉट साफ करायचा. माझं नाव लिहिलं तर माझा आयडी, आयडीवर माझी कंपनी. स्वतःचं नाव लिहिणं साहेबांना सोपं होतं. मी तसं म्हणूनही पाहिलं, भीत भीत. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना पुन्हा त्या मातीवर सही करायला सांगतोय.

"मी चालवत नव्हतो," ते म्हणाले.

"व्हय साहेब, पण..."

"मग मी चालवत होतो असं कसं लिहू? आणि तू चालवत होतास असंही लिहिणार नाही. बघू."

हे 'बघू' ऐकून मला आठवडाभर झोप आली नाही. बस चालवताना मागे कोणी "भाई" म्हटलं तरी दचकायचो.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर त्या केबिनमधल्या मॅनेजरने साहेबांना पुठ्ठ्यावरच्या नंबरवर फोन करून बोलावून घेतलं. गाडी पुढच्या गल्लीत बिल्डिंगीसमोर लावलेली होती. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, बाहेर उभा राहा, बोलू नकोस. केबिनचं दार उघडंच होतं, एसी बंद पडला असावा. मी बाहेर पाटीच्या सावलीत उभा राहिलो. पाटीवरचं प्लास्टिक आता काढलेलं होतं.

मॅनेजर लखनौकडचा होता, वयाने माझ्याएवढाच, बोलायला फार गोड. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेबांनी सवयीप्रमाणे आधी सगळं मराठीत सांगितलं. गाडी माझी आहे, जबाबदारी माझी आहे, दंड मी देतो, नाव देणार नाही. तो मान हलवत ऐकत राहिला.

"साहब, थोड़ा-थोड़ा समझा," तो म्हणाला. "आप बस ड्राइवर का नाम लिख दीजिए. खलास."

साहेबांची हिंदी नाशिकची होती. "पहले बोर्ड का बोलो. बोर्ड के ऊपर प्लास्टिक था."

"प्लास्टिक ट्रान्सपेरंट था, साहब."

"उसके ऊपर धूल था. धूल ट्रान्सपेरंट नहीं होता."

मॅनेजर हसला. "चलिए, बोर्ड की बात मान ली. पैसा आधा कर दूँ? पर नाम तो चाहिए. किसको मालूम नहीं कि अपनी गाड़ी कौन चला रहा था?"

"मालूम नहीं, ऐसा मैं बोला क्या? मालूम है. बताऊँगा नहीं."

"तो आप ही चला रहे थे?"

"वैसा भी मैं बोला नहीं."

मग मॅनेजरने टेबलावरचा एक फोटो साहेबांपुढे सरकवला. दारातून मलाही दिसला. साहेबांची गाडी, आणि गाडीपासून दूर जाणारा मी, पाठमोरा, हातात कांद्याची पिशवी. अंगात कंपनीचं पिवळं सेफ्टी जॅकेट. पाठीवर कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं. शुक्रवारीही मी ते जॅकेट घालायचो. आम्ही सगळेच घालायचो. ड्युटीचं जॅकेट अंगात असलं की कॅम्पच्या गेटवर कुठे चाललास म्हणून कोणी विचारत नसे.

"चेहरा नहीं है," मॅनेजर म्हणाला, "पर जैकेट है. मैं कंपनी को फोन कर सकता हूँ कि जुम्मे को आपका कौन आदमी इधर था. मैं करना नहीं चाहता, साहब. पर इतवार को मुझे ऊपर रिपोर्ट देनी है. इस गाड़ी के सामने मुझे एक नाम चाहिए. बस एक नाम. उसके बाद मेरे को कोई मतलब नहीं."

साहेबांनी फोटो उचलून उजेडाकडे धरला. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. मी पाटीच्या लोखंडाला टेकायला गेलो आणि चटका बसून हात काढला.

"सिर्फ गाड़ी के सामने एक नाम?" साहेबांनी विचारलं.

"जी."

"इस प्लॉट में इस गाड़ी को लगाया, उसका नाम?"

"जी साहब, वही तो."

साहेब उठले, बाहेर आले आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

"चला साहेब, मी..."

"तू इथेच थांब. तू गाडीत दिसायचं नाहीस."

ते इस्त्रीच्या शर्टात भरभर चालत कोपऱ्यावरून वळले. मी तिथेच उभा राहिलो. समोरची गल्ली वन-वे केलेली, पुढचा रस्ता उकरलेला. बिल्डिंगीसमोरून प्लॉटवर यायचं तर पायी हाकेच्या अंतरावर, पण गाडीने लांबच्या डायव्हर्जनमधून पूर्ण वळसा. गाडी लवकर आली नाही. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. "कहाँ गए?" त्याने मला विचारलं. मी खांदे उडवले. बोलू नकोस असं सांगितलेलं होतं.

आधी हॉर्न ऐकू आले. पुष्कळ हॉर्न, वेगवेगळ्या गाड्यांचे, एकामागोमाग. मग आमची गाडी दिसली. ऊन लख्ख असताना वायपर चालू, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकतायत, आणि मागे लँडक्रूझरपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळी वरात. साहेब स्टिअरिंगवर इतके पुढे झुकलेले की नाक काचेला लागतंय असं वाटत होतं. माणूस चालत पुढे जाईल इतका वेग. प्लॉटच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी वळण घेतलं, एक चाक फूटपाथवर चढलं, उतरलं, आणि गाडी पाटीच्या बरोबर खाली, दोन गाड्यांच्या जागेत तिरकी थांबली. मी बाजूला उडी मारली म्हणून बरं.

साहेब उतरले. दार उघडंच टाकलं, वायपर तसेच. सरळ मॅनेजरकडे गेले.

"अब बोलो. गाड़ी किसने लगाया?"

"आपने, साहब."

"आपने देखा?"

"देखा. आधे बिन महमूद ने देखा."

"नया स्टिकर बनाओ. उस पर मेरा नाम लिखता हूँ, आयडी लिखता हूँ, सही करता हूँ. सच्ची सही. इस गाड़ी के सामने आपको एक नाम मिला."

 मॅनेजरने गाडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता, इस्त्रीची काही खूण राहिली नव्हती. मग तो आत गेला, नवा कागद काढला, आणि साहेबांनी तो उभ्यानेच, सगळा वाचून, तारीख-वेळ तपासून, भरला. सही केली, ती अगदी नेहमीची आली. पैसे दिले. मॅनेजरने पहिला कागद आणि फोटो त्या नव्या कागदाला मागून टाचण्यासाठी उचलले, जरा थांबला, आणि फोटो वेगळा काढून फाडला.

"खलास," तो म्हणाला. "अब गाड़ी निकाल लीजिए, साहब. नहीं तो तीसरा स्टिकर लगाना पड़ेगा."

साहेब हलले नाहीत. "निकालना मेरे को नहीं आता."

"मतलब?"

"रिव्हर्स मैंने एक ही बार किया था. पास होने के लिए."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी मातीकडे बघितलं. माझ्या हाताला नुसती खाज सुटली होती, दोन मिनिटांचं काम, पण त्या गाडीला मी त्याच्यासमोर हात कसा लावणार? आम्ही तिघं तसेच उभे. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते. शेवटी मॅनेजरने बाह्या वर केल्या, स्वतः गाडीत बसला, वायपर बंद केले, दिवे बंद केले आणि गाडी मागे घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला लावून दिली. किल्ली आणून साहेबांच्या हातात ठेवली.

"ये कौन है?" माझ्याकडे हनुवटी करून त्याने विचारलं.

"ये?" साहेब म्हणाले. "ये मेरे यहाँ शुक्रवार को खाना खाने आता है."

"अच्छा." तो हसला नाही. मला म्हणाला, "भाई, जुम्मे के दिन अपने कपड़े पहना करो."

आम्ही वर गेलो. साहेबांनी गॅस पेटवायला लायटर घेतला, पण त्यांच्या बोटांनी तो दाबला जाईना. मी घेतला, पेटवला, डाळ-तांदूळ धुऊन चढवले. ते खुर्चीवर बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. मराठीतच म्हणायचं होतं, तरी ते कसं म्हणायचं ते मला सुचेना. म्हणून मी मीठ कुठे आहे ते विचारलं, जे मला ठाऊक होतं.

"डाव्या फळीवर," ते म्हणाले. मग जरा वेळाने, काहीशा नाराजीने, "मुलगा चांगला आहे रे. पण रिव्हर्स घेताना आरशात बघत नाही."

"न्हाई बघत," मी म्हटलं.

"एक दिवस कुठेतरी ठोकेल."

आणि खिचडी शिजेपर्यंत ते त्याच काळजीत होते.